कपड्यात स्ट्रेच आलं कुठनं, आणि जीन्सचा गुडघा का फुगतो

प्रश्न असा आलाय: "वडिलांची टेरिकॉटची पँट पंधरा-वीस वर्षं चालली आणि माझी स्ट्रेच जीन्स दीड वर्षात गुडघ्यावर फुगली. हे स्ट्रेच कपड्यात कधी आणि कशासाठी आणलं? आधी लोकांचं काही अडत होतं का? आणि आईला गुडघेदुखी आहे, आता पंजाबी ड्रेस घालायचा म्हणते, तिला स्ट्रेचचं घेऊ की साधं शिवून घेऊ?"

मी कोल्हापुरात कटिंग मास्टर आहे. सुरुवात महाद्वार रोडच्या बाजूला जेंट्स टेलरिंगमध्ये झाली, पँट, शर्ट, सफारी, आणि आता बरीच वर्षं राजारामपुरीत छोटं युनिट आहे, शाळांचे ट्रॅकसूट, फुटबॉलच्या जर्स्या, थोडं लेडीजचं काम. म्हणजे न ताणणारं कापड पण माझ्या कात्रीखालून गेलंय आणि ताणणारं पण, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

तुमचे प्रश्न तीन दिसतात पण मुळात एकच आहे. माणूस हलतो, वाकतो, मांडी घालतो, गाडीला किक मारतो, आणि त्या हालचालीला कपड्यात जागा लागते, ती जागा ठेवायची कुठं? पूर्वी ती शिंपी कटिंगमध्ये ठेवायचा. आता ती सुतामध्येच भरलेली येते. सगळा इतिहास या एका बदलाचा आहे, आणि तुमच्या जीन्सचा गुडघा पण त्याच्यामुळंच फुगलाय. चांगलं की वाईट हे मात्र माणूस कोण, काम काय आणि कापडात नक्की काय आहे याच्यावर ठरतंय, एका वाक्यात सांगता यायचं नाही.

आधी अंगाचं बघू. गुडघा दुमडला की गुडघ्यावरची कातडी उभ्या दिशेनं साधारण ३५ ते ४५ टक्के ताणली जाते. आडवी तेवढी नाही, बारा-चौदा टक्क्यांच्या आसपास. पाठीत, कोपरात, बसताना मागच्या बाजूला पण असंच थोडंफार होतंय पण गुडघा सगळ्यात जास्त मागतो. आता साधं विणलेलं कापड घ्या, म्हणजे ताणा-बाणावालं, ताणा म्हणजे उभी सुतं आणि बाणा म्हणजे आडवी. ताण्याच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही, बाण्याच्या दिशेनं किंचित देतंय, आणि तिरकं ओढलं तर मात्र चांगलं देतंय. मग चाळीस टक्के कुठनं आणायचे? तर उत्तर असं की आणायचेच नाहीत, कापड अंगावरनं सरकू द्यायचं. वडिलांना आठवून बघा, खुर्चीत बसायच्या आधी दोन्ही हातांनी क्रीज धरून पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढायचे. त्या पिढीतल्या सगळ्यांना ती सवय होती. ती पँट सैल होती म्हणून वर सरकायची, कापडाला ताणायचं कामच पडत नव्हतं.

आमच्या धंद्यात याला लूजिंग म्हणतात. शर्टाला छातीत चार इंच, पँटला सीटमध्ये दोन-तीन इंच, ब्लाउजला एक-दीड इंच, अंगाच्या मापापेक्षा एवढं जास्त धरायचं. कुणाला किती लूजिंग द्यायचं हे मापाच्या वहीत लिहिलेलं नसतंय, गिऱ्हाईक दुकानात कसं बसतंय, कसं उठतंय, काम काय करतंय हे बघून मास्टर ठरवतो. टेलरमध्ये खरी अक्कल तिथंच लागते.

आता "आधी लोकांचं अडत होतं का". अजिबात नाही, उलट आपल्याकडचं डोकं बघितलं की मला अजून कौतुक वाटतं. नऊवारी बघा. कापड आडवं-उभं कुठंच ताणत नाही पण बाई त्याच्यात भात लावते, विहिरीतनं पाणी शेंदते, घोड्यावर बसल्याचे पण दाखले आहेत, कारण सगळी जागा चुण्यांमध्ये आणि काष्ट्यामध्ये साठवलेली आहे, हवी तेव्हा सुटते. धोतराचं तेच. पैलवानाचा लंगोट घ्या, शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेल्या खासबाग मैदानात आजही मातीवरची कुस्ती लंगोटावर होते, त्यात रबराचा एक दोरा नाही, सुती कापड आणि घट्ट बांधणी, आणि त्याच्यात माणूस पूल बांधणं, ढाक मारणं असले डाव करतो. उघडं अंग मोकळं सोडायचं आणि जिथं आधार पाहिजे तिथं आवळायचं, हा हिशोब आहे त्यामागं. परकराची आणि पायजम्याची नाडी बघा, नेफ्यात चुण्या धरायच्या आणि पोट वाढलं-कमी झालं तरी तोच कपडा, बाळंतपणाच्या आधी पण तोच आणि नंतर पण तोच. पायजम्याच्या आसनात, म्हणजे दोन पाय जिथं जुळतात तिथं, चौकोनी तुकडा जोडायची पद्धत होती तीसुद्धा याचसाठी, मांडी घातली की शिवण उसवू नये.

सगळ्यात हुशारीचं काम चुडीदारचं. चुडीदार खरा शिवायचा तर कापड उरेब कापतात, म्हणजे पंचेचाळीस अंशात तिरकं. वर सांगितलं तसं विणलेलं कापड तिरक्या दिशेला देतंय, म्हणून तो पिंढरीला चिकटून बसतो आणि तरी गुडघा वाकतो, आणि खाली जादा लांबी ठेवली की चुड्या पडतात. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने नावाच्या बाईंनी १९२० च्या दशकात तिरक्या कटिंगचे गाऊन करून फॅशनमध्ये मोठं नाव कमावलं, योग्यच कमावलं, पण तिरक्या कापडाचा गुण आपल्याकडच्या दर्ज्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. यात तोटा एकच, उरेब कटिंगला कापड जास्त जातंय आणि वेळ जास्त जातोय. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

स्ट्रेचची दुसरी वाट म्हणजे होजिअरी. तिथं ताणा-बाणा नाही, एकाच सुताचे फासे एकमेकात अडकवलेले असतात, आणि ओढलं की फासा लांबट होतो, सोडलं की परत गोल होतो. सूत साधं सुतीच असतंय, ताणतो तो फासा. हाताने मोजे विणायची कला फार जुनी, पण १५८९ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र केलं असं सांगतात, तिथून हे यंत्रावर गेलं. तरी शेकडो वर्षं हे कापड मुख्यतः मोजे आणि आतल्या कपड्यांसाठीच वापरलं गेलं. बाहेर घालायचा कपडा म्हणून त्याला इज्जत मिळाली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमारास कोको शनेलनं जर्सीचं कापड, जे तोपर्यंत पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचे, ते घेऊन बायकांचे बाहेरचे ड्रेस केले. आपल्याकडं होजिअरी आधी कलकत्त्यात रुजली आणि नंतर तिरुपूर त्याचं सगळ्यात मोठं गाव झालं, गरम कपड्यांना लुधियाना. कोल्हापुरात तुम्ही जो गंजीफ्रॉक किंवा टी-शर्ट घालता तो बहुतेक तिरुपूरकडनंच आलेला असतो. गंजीफ्रॉकमध्ये लायक्रा, म्हणजे ताणणारा खास धागा, नसतो तरी तो ताणतोच की, तर ते या फाशामुळं. पण नुसत्या फाशाला परत यायची ताकद कमी, म्हणून जुन्या बनियनचा गळा लोंबतो.

तिसरी गोष्ट रबर. थॉमस हँकॉक या इंग्रजानं १८२० मध्ये हातमोजे, बूट, मोजे यांना रबराच्या पट्ट्या लावायचं पेटंट घेतलं. कल्पना बरोबर होती पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. मग चार्ल्स गुडइअरनं गंधक घालून रबर तापवायची पद्धत शोधली, १८४४ चं त्याचं अमेरिकन पेटंट आहे, तेव्हा कुठं इलॅस्टिक खऱ्या अर्थानं वापरण्यासारखं झालं. तरी ते पट्टी म्हणूनच लागायचं, कमरेला, मोज्याच्या तोंडाला, बुटाच्या बाजूला. कापडभर रबर पसरवायचं तर बारीक गोल धागा पाहिजे आणि तो बरीच वर्षं कुणाला जमत नव्हता. १९३१ मध्ये लास्टेक्स आलं, त्यात मध्ये रबराचा धागा आणि भोवती सुती नाहीतर रेशमी दोरा गुंडाळलेला. त्याच्यापासून पोहायचे कपडे, बायकांचे कंबर आवळायचे पट्टे, मोजे असं बरंच निघालं. पण रबराचे दुखणे काही जात नाहीत, घाम, तेल, ऊन, धुण्याचा सोडा, सगळ्यानं ते कुजतं. जुनी चड्डी ओढली की इलॅस्टिकमधनं पांढरी भुकटी पडायची आणि ते परत यायचंच नाही हे माझ्या वयाच्या सगळ्यांनी बघितलंय. त्यात दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला जपाननं मलाया आणि इंडोनेशिया घेतलं आणि रबराचा मोठा पुरवठाच तुटला.

त्याच सुमाराला नायलॉन आलेलं होतं, ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या टीमनं १९३५ मध्ये केलेलं, आणि मे १९४० पासून त्याचे मोजे अमेरिकेत सगळीकडं विकायला लागले. नायलॉन स्वतः रबरासारखं ताणत नाही, पण गरम करून पीळ पक्का केला की त्याचा धागा कुरळा होतो आणि तो कुरळेपणा ताणतो. स्वित्झर्लंडच्या हेबरलाइन कंपनीचं हेलांका हे असंच सूत. १९५२ च्या सुमाराला जर्मनीच्या बोगनर कंपनीनं लोकरीबरोबर ते वापरून स्कीइंगच्या पँटी काढल्या आणि अंगाला चिकटून तरी वाकणारी ती पँट जगात गाजली. आपल्याकडं ते मोज्यात आलं. लहानपणी नायलॉनचे मोजे होते ना, हातात घेतले तर एवढेसे आणि पायात घातले की गुडघ्यापर्यंत, ते हेच तंत्र.

आणि मग मुख्य माल, ज्याला आपण सगळे सरसकट लायक्रा म्हणतो. लेबलवर स्पँडेक्स किंवा इलास्टेन लिहिलेलं दिसेल, वस्तू तीच, लायक्रा हा त्यातला एक ब्रँड. याचं मूळ पॉलियुरेथेन, ते जर्मनीत ऑटो बायर या शास्त्रज्ञानं १९३७ मध्ये केलं. त्याचा कपड्यात चालेल असा धागा काढला ड्यूपाँमधल्या जोसेफ शिव्हर्सनं, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या वेन्सबरोला, १९५८ मध्ये. उद्देश सरळ होता, बायकांच्या आतल्या आवळपट्ट्यांमधलं रबर काढून टाकायचं. १९६२ मध्ये मोठं उत्पादन सुरू झालं.

हा धागा एवढा वेगळा का, हे थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं कळेल. त्याचा रेणू दोन प्रकारच्या तुकड्यांचा असतो, एक मऊ आणि लांब, जो मोकळा असताना गोळा होऊन पडलेला असतो, आणि एक कडक, जो शेजारच्या रेणूच्या कडक तुकड्याला घट्ट धरून राहतो. ओढलं की मऊ तुकडे सरळ होतात, सोडलं की ते परत गोळा होतात, आणि कडक तुकडे रेणूंना एकमेकांवरनं घसरू देत नाहीत. म्हणून तो आपल्या लांबीच्या पाचपट आणि त्याहून जास्त ताणला जातो आणि तरी परत येतो. हवा तेवढा बारीक, पांढरा म्हणून रंग धरणारा, आणि घामाला-तेलाला रबरापेक्षा पुष्कळ जास्त टिकणारा. बारीक निघतो ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण त्यामुळं तो पट्टीतनं सुटून अख्ख्या कापडात शिरला.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. आतल्या कपड्यातनं पोहायच्या कपड्यात, तिथनं स्कीइंग, सायकलिंग, जिम्नॅस्टिक्समध्ये, १९८० च्या दशकात अमेरिकेत एरोबिक्सचं वेड आलं त्याच्याबरोबर लेगिंग रस्त्यावर आली. डेनिममध्ये स्ट्रेच १९७० च्या दशकाच्या शेवटी घुसलं. आपल्याकडं डेनिमच मुळात मोठ्या प्रमाणावर १९८० च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिलनं सुरू केलं, आणि ते जाड, कडक, धुऊन वाळत घातलं की उभं राहील असलं होतं. स्ट्रेच जीन्स कोल्हापूरच्या दुकानात सर्रास दिसायला लागली ती २००० नंतर, आणि लेगिंगनं चुडीदारला दुकानातनं बाहेर काढलं ते २०१० च्या आसपास. माझ्याकडं उरेब चुडीदार शिवायला येणाऱ्या बायका त्या दोन-चार वर्षात जवळजवळ संपल्या. तयार लेगिंग दोनशे रुपयात, मापाची गरज नाही, आणि मघाशी म्हटलं तसं उरेबला कापड आणि शिलाई दोन्ही जास्त, कोण कशाला शिवून घेईल? रागवायचं काही कारण नाही त्यात. कॉलेजच्या पोरीला सायकल मारायला, एसटीच्या पायरीवर चढायला लेगिंग खरोखर बरी पडते, पायात चुड्या अडकत नाहीत.

इथं एक गोष्ट उघड बोलायला पाहिजे. स्ट्रेच तुमच्या आरामासाठी आणलं असं कंपन्या सांगतात, ते खरं पण आहे, पण त्याच्याबरोबर त्यांचा स्वतःचा मोठा फायदा आहे. साध्या कापडाच्या पँटला कमरेत २८, ३०, ३२, ३४ असं प्रत्येक माप वेगळं ठेवावं लागतं, शिवाय कुणाची मांडी जाड, कुणाचं पोट पुढं, कुणाची सीट सपाट. स्ट्रेच आलं की एकाच मापात तीन प्रकारची अंगं बसतात. माल कमी ठेवायचा, परत येणारे पीस कमी, कटिंगची अक्कल कमी लागली तरी चालते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला होलसेलमध्ये जाऊन बघा, फ्री साइज लिहिलेले गठ्ठेच्या गठ्ठे असतात. ती फ्री साइज म्हणजे मास्टरचं लूजिंग सुतात घालून विकलेलं आहे.

आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट कपड्यातनं गेली ती म्हणजे दाब. वडिलांच्या पँटची मागची शिवण उसवून बघा, दोन-दोन इंच कापड आत सोडलेलं असणार, खाली मोरीला, म्हणजे पायाच्या तोंडाला, पण दुमड जास्त असणार. पोट सुटलं की टेलरकडं जायचं आणि सोडवून घ्यायचं. बाबांची पँट वीस वर्षं चालली त्याची कारणं तीन, एक तर टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतंय, साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कॉटन, ते घासलं तरी लवकर झिजत नाही. दुसरं, ती सैल होती म्हणून कापडावर ताणच नव्हता. तिसरं हा दाब, म्हणजे पँट माणसाबरोबर वाढली. तुमच्या स्ट्रेच जीन्समध्ये शिवण ओव्हरलॉकनं कापून अर्ध्या इंचावर आणलेली आहे, सोडवायला आत काहीच नाही, कारण हिशोब असा धरलेला आहे की लागेल तेव्हा कापड देईल.

आता गुडघा. बहुतेक स्ट्रेच जीन्समध्ये ताण्यात साधं सुती सूत आणि फक्त बाण्यात लायक्रा असतोय, म्हणजे मध्ये लायक्राचा धागा आणि भोवती कापूस कातलेला. इचलकरंजीत पण आता शटललेस लूमवर बाण्यात असलं सूत टाकून शर्टिंगचं, पँटचं कापड काढतात, १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग लावला त्यानंतर बाण्यात काय काय आलं बघा. तर लायक्रा बाण्यात म्हणजे कापड आडवं ताणतंय. आणि तुमचा गुडघा मागतोय उभं. पायाला चिकटलेली असल्यामुळं जीन्स वर सरकत पण नाही. मग होतंय काय, ताण्यातलं सुती सूत जबरदस्तीनं लांब होतं, आडवा लायक्रा पण सारखा ताणलेला राहतो, आणि नवारीच्या खाटेला मध्ये झोळ पडतो तसा गुडघ्यावर झोळ पडतो. लायक्रा परत ओढायचा प्रयत्न करतो पण तो असतोय एक-दोन टक्के, बाकी सगळा कापूस, आणि कापसाला स्वतःहून परत यायची ओढ फार कमी. सुतं एकमेकांवर घासून अडकून बसतात ती वेगळीच. धुतल्यावर जीन्स परत घट्ट होते हे तुम्ही बघितलं असेल, कारण पाण्यात सुतं फुगतात, मोकळी होतात आणि लायक्राला त्यांना जागेवर ओढता येतं. पण दर धुण्यात, दर कडक उन्हात, दर गरम इस्त्रीत लायक्राचे थोडे धागे आत तुटतात, आणि एक दिवस ओढणारं कुणी उरतच नाही. जीन्सवर बारीक पांढरे केसासारखे धागे वर आलेले दिसले की समजायचं, लायक्रा तुटून बाहेर आलाय, आता तिला काही करता येत नाही.

म्हणजे तुमची जीन्स खराब निघाली की तुम्ही चुकीचं वापरलं, हे मला इथनं सांगता यायचं नाही, दोन्ही असू शकतं. पण पुढच्या वेळी घेताना दुकानात एक तपासणी करा, मी तागा घेताना हेच करतो. जीन्सची मांडीची जागा सपाट धरा, आडव्या दिशेनं दहा सेंटीमीटर टेपनं मोजून दोन चिमटीत धरा, ओढा. बारा सेंटीमीटरपर्यंत आरामात गेली तर स्ट्रेच पुरेसं आहे. मग तशीच अर्धा मिनिट धरून ठेवा आणि सोडा आणि परत मोजा. दहावर किंवा त्याच्या अगदी जवळ आली तर घ्या. साडेदहावर थांबली तर ठेवून द्या, कितीही मऊ लागू दे. लोक किती ताणते हे बघतात, बघायचं ते किती परत येते. आणि लेबल वाचा, नुसतं कॉटन आणि एक टक्का इलास्टेन असेल तर गुडघा लवकर निघणार, कॉटनबरोबर थोडं पॉलिएस्टर असेल तर परत यायला मदत होते, हाताला थोडी कमी चांगली लागते एवढंच. माप घेताना पण उभं राहून आरशात बघू नका, ट्रायल रूममध्ये उकिडवं बसून बघा. बसताना मांडीत कापड कडक झालं तर एक साइज वर जा, कारण लायक्रा हालचालीच्या वेळी कामाला यायला पाहिजे, तुम्ही नुसते उभे असताना तो आधीच अर्धा ताणून संपलेला असला तर पुढं काय देणार?

धुताना गार पाणी, उलटी करून, क्लोरीनचं ब्लीच अजिबात नाही, सावलीत वाळवायची, इस्त्री करायचीच तर कोमट. रोज तीच घालू नका, एक दिवस मध्ये जाऊ दे.

शिवून घेणार असाल तर टेलरला विचारा, होजिअरीला किंवा लायक्राला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई लावता का? साधी टोकदार सुई फासा तोडते, लायक्राचा धागा पण तोडते, मग शिवणीच्या बाजूनं बारीक भोकं पडत जातात. आणि टीप अशी पाहिजे जी कापडाबरोबर ताणेल, झिगझॅग नाहीतर ओव्हरलॉक. कापड ताणतंय आणि दोरा ताणत नाही असं झालं की पहिल्याच बैठकीत टीप तुटते. तागा सोडून रात्रभर पसरून ठेवल्याशिवाय मी स्ट्रेचचं कापड कापत नाही, गुंडाळताना ते ओढून गुंडाळलेलं असतंय, लगेच कापलं की नंतर आकसून माप कमी भरतं.

कुठं स्ट्रेच हवं आणि कुठं नको याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खेळाला हवंच. आमच्या फुटबॉलच्या पोरांना, मॅटवर कुस्ती करणाऱ्यांना त्याशिवाय जमणार नाही, मॅटवर समोरच्यानं कपडा पकडू नये म्हणून तो अंगाला चिकटलेलाच पाहिजे. मोटरसायकलवर दिवसभर फिरणाऱ्याच्या पँटला दोन टक्के असावं. आतल्या कपड्यांना असावंच. पण शाळेच्या युनिफॉर्मच्या पँटला घालू नये, पोरगं दोन वर्षात वाढतंय, तिथं दाब पाहिजे, स्ट्रेच नको. लग्नाच्या ब्लाउजला नको, जरीचं कापड आणि अस्तर ताणत नाही, मध्येच एक थर ताणणारा घातला की सगळं वेडंवाकडं बसतं. आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते, स्ट्रेचचे जुने कपडे कशालाच लागत नाहीत. आपल्याकडं आईच्या जुन्या सुती साड्यांच्या वाकळा होतात, दोन-दोन पिढ्या पांघरतात. लेगिंग वाकळेत घालून बघा, टाका घातला की ती आकसते आणि सगळी वाकळ गोळा होते. कापूस, पॉलिएस्टर आणि लायक्रा एकत्र असल्यामुळं कारखान्यात पण ते वेगळं करून परत सूत करणं फार अवघड जातं. शेवटी कचऱ्यातच. म्हणून घेताना कमी घ्या आणि चांगलं घ्या.

आता आईंचं. गुडघेदुखी असेल तर लेगिंग घेऊ नका असं मी सांगेन, आणि कारण कापडाचं नाही तर घालण्या-काढण्याचं आहे. घट्ट लेगिंग चढवायला एका पायावर उभं राहावं लागतं आणि टाचेवरनं खेचावी लागते, दुखऱ्या गुडघ्याला तेच सगळ्यात अवघड. सूज कमी-जास्त होत असेल तर गुडघ्यापाशी ती आवळते पण. त्यांना सरळ पँट किंवा सलवार शिवा, साधं सुती कापड, कमरेला पुढं सपाट पट्टी आणि मागं इलॅस्टिक, सोबत नाडी पण ठेवा, इलॅस्टिक सैल झालं तरी कपडा वाया जात नाही. मोरी आठ-साडेआठ इंच ठेवा म्हणजे खुर्चीत बसून पाय आत घालता येतो. आसनाला लांबी थोडी जास्त धरा, बसताना मागं ओढू नये म्हणून. वरच्या कुडत्याला बाजूचे कट कमरेपर्यंत नेऊ नका, मांडीच्या वरच्या भागापर्यंत पुरे, उठताना हात टेकवून उठायचं असतंय त्यांना, कापड खाली दबलं तर ओढ बसते. शिवणीत दीड इंच दाब सोडायला टेलरला आधीच सांगा, नाहीतर ओव्हरलॉक करून कापून टाकतील. आणि गुडघ्याचं माप उभं राहून घेऊ देऊ नका, खुर्चीत बसवून गुडघा दुमडलेला असताना घेर मोजायला सांगा आणि त्याच्यात चार इंच लूजिंग धरा. त्या नी कॅप लावत असतील तर ती लावूनच माप द्या.